तिबेटी आणि बंगाली कुठे कुठे बोलतात? तुलनेचा नकाशा काढायचा तर

बारावीच्या प्रकल्पाला हा विषय दिला की बहुतेक मुलं अर्ध्या तासात मोकळी होतात. चीनमधल्या तिबेटवर केशरी रंग, बांगलादेश आणि पश्चिम बंगालवर हिरवा, कोपऱ्यात सूची, झालं. नकाशा दिसतो सुबक, पण त्यातलं फारसं काही खरं नसतं. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि ही जोडी मुद्दाम देते. भाषांचा नकाशा काढताना जिथे जिथे पाय घसरतो, त्या सगळ्या जागा या दोन भाषांत सापडतात. शिवाय वडशाहून सकाळी निघालं तर दोन्ही भाषा कानांनी ऐकून संध्याकाळी घरी परतता येतं. ते कसं, ते पुढे सांगते.

सामान फार लागत नाही. दक्षिण आशियाचा प्राकृतिक नकाशा असलेला शालेय ॲटलस, ट्रेसिंग पेपरचे तीन ताव, कडक पेन्सिल, दोन रंगांची बारीक टोकाची पेनं. आणि २०११च्या जनगणनेचा भाषा-मातृभाषांचा तक्ता, सी-१६ नावाचा. तो जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. रंगीत खडू दप्तरातच राहू द्या. खडू हातात आला की मुलं देशच्या देश भरून टाकतात.

पहिल्या तावावर सीमा काढू नका

पहिल्या तावावर फक्त डोंगर, नद्या आणि समुद्र. साधारण तीन हजार मीटरची उंचीरेषा उमटवून घ्या. तिबेटी आणि तिच्या सख्ख्या बोली बहुतेक या रेषेच्या वर राहतात. जव पिकतो आणि याक टिकतो, तिथवर. ल्हासा ३६५० मीटरवर आहे. अपवाद आहेत, पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानातलं स्कर्दू सव्वादोन हजारांच्या आसपास आहे, पण रेषेचा कल चुकत नाही. बंगाली त्याच्या अगदी उलट टोकाला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळावर. ढाका समुद्रसपाटीपासून दहा मीटरही उंच नाही.

आता पेन्सिल एका नदीवर ठेवा आणि उगमाकडून खाली या. या प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडणारं काम हे. कैलासाच्या बाजूला उगम पावणारी यारलुंग त्सांगपो शिगात्सेवरून पूर्वेला जाते. इथवर दोन्ही काठांवर तिबेटी. नामचा बारवाच्या शिखराला मोठा वळसा घालून ती अरुणाचलात उतरते आणि सियांग होते. वरच्या खोऱ्यात मेंबा लोकांची तिबेटी वळणाची बोली अजून ऐकू येते, मग आदी भाषा सुरू होते. आसामात ती ब्रह्मपुत्र होते. काठावर मिसिंग, असमिया, बोडो. धुबरीपाशी बंगाली कानावर येऊ लागते आणि सीमा ओलांडून जमुना झाली की दोन्ही काठांवर बंगालीच. गोआलंदोला ती पद्मेला मिळते. एकाच पाण्यावर या दोन भाषा आहेत, पण कुठेही एकमेकींना लागून नाहीत. मध्ये तीन-चार भाषांचा पट्टा आहे, तो कोरा सोडायचा.

क्षेत्रफळ वेगळं, माणसं वेगळी

तिबेट स्वायत्त प्रदेश सव्वाबारा लाख चौरस किलोमीटरचा. आपला अख्खा महाराष्ट्र त्यात जवळजवळ चार वेळा मावेल. पण चीनच्या २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेछत्तीस लाख भरली. आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्याची २०११मध्येच साडेशेचाळीस लाख होती. बांगलादेश याच्या उलट. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी आणि लोकसंख्या साडेसोळा कोटींच्या वर. रंग भरलेल्या नकाशात तिबेटी राक्षसासारखी दिसते आणि बंगाली टिकलीएवढी. म्हणून दुसऱ्या तावावर रंग नाही, ठिपके. एक ठिपका म्हणजे पाच लाख माणसं.

आता मोजा. बांगलादेशात सव्वातीनशेहून जास्त ठिपके बसतील. भारतात २०११ला बंगाली ९ कोटी ७२ लाख, म्हणजे १९४ ठिपके. त्यातले १५७ पश्चिम बंगालात, १८ आसामात, ६ झारखंडात, ५ त्रिपुरात, उरलेले पसरून. बांगलादेशाला हिरवा एकच रंग द्यायचा मोहही आवरा. चितगाव डोंगरी भागात चाकमा, मारमा, त्रिपुरी, मैमनसिंगच्या कडेला गारो, वायव्येला संथाली. तिथे ठिपके विरळ करा.

तिबेटीकडे मात्र अख्ख्या चीनसाठी चौदाच ठिपके येतात. ते कुठे टाकायचे यात खरी मेख आहे.

तिबेट म्हणजे फक्त तिबेट नव्हे

चीनमध्ये २०२०ला तिबेटी म्हणून नोंदलेले लोक सुमारे ७० लाख. त्यांतले साधारण ३१ लाख तिबेट स्वायत्त प्रदेशात. म्हणजे निम्म्याहून जास्त तिबेटी लोक, ज्याला नकाशात 'तिबेट' लिहिलेलं असतं, त्याच्या बाहेर राहतात: चिंगहाई, पश्चिम सिचुआन, दक्षिण गान्सू आणि युन्नानचा वायव्य कोपरा. तिबेटी लोक स्वतः तीन मोठे भाग मानतात, मध्य तिबेटचा उ-त्सांग, पूर्वेचा खाम आणि ईशान्येचा आम्दो. आम्दो बहुतांशी चिंगहाई आणि गान्सूत येतो, खाम चार प्रांतांत विभागलाय. चौदापैकी सहा ठिपके स्वायत्त प्रदेशात टाका, तेही दक्षिणेच्या नदीखोऱ्यांत. उत्तरेचं चांगथांग पठार जवळपास रिकामं आहे. बाकीचे आठ पूर्वेला.

आणखी एक गाठ. चीनची जनगणना 'तुमचा वांशिक गट कोणता' हे नोंदते. घरात काय बोलता, हे त्या आकड्यात येत नाही. पश्चिम सिचुआनात ग्यालरोंग बोलणारे लोक तिबेटी म्हणूनच नोंदले जातात, पण ती भाषा तिबेटी नाही. उलट चिंगहाईत हेनान नावाच्या मंगोल तालुक्यात मंगोल म्हणून नोंदलेली माणसं घरात आम्दो तिबेटी बोलतात. म्हणून चीनच्या ठिपक्यांखाली 'वांशिक गटाचा आकडा' असं लिहाच. हे लिहिलं नाही तर मी दोन गुण कापते, हे आमच्या मुलांना माहीत आहे.

एकच पट्टी दोघींना

इथे थांबून एक गोष्ट ठरवावी लागते: तिबेटी कोणाला म्हणायचं आणि बंगाली कोणाला?

ल्हासाचा माणूस आणि आम्दोचा गुराखी आपापल्या बोलीत बोलले तर एकमेकांना समजणं अवघड. ल्हासाच्या बोलीत शब्दाला सूर आहेत, म्हणजे आवाज चढला-उतरला की अर्थ बदलतो; आम्दोत नाहीत. बाल्टिस्तानची बाल्टी ही त्याच कुळातली. ल्हासात लिहिण्यापुरती उरलेली जोडाक्षरं बाल्टी लोक आजही तोंडाने उच्चारतात. पण ते मुसलमान आहेत, लिहितात बहुधा उर्दूच्या लिपीत, आणि स्वतःला तिबेटी म्हणवत नाहीत. लडाखी, कारगिलकडची पुर्गी, स्पितीची बोली, सिक्कीमची भुतिया, नेपाळातली शेर्पा आणि मुस्तांग-डोल्पोच्या बोली, भूतानची झोंखा, सगळ्या एका जुन्या तिबेटीच्या लेकी. भूतानही पूर्ण रंगवू नका. झोंखा राष्ट्रभाषा असली तरी घरची भाषा पश्चिमेत; पूर्वेला त्शांगला, दक्षिणेला नेपाळी. आणि तवांगची मोनपा तिबेटी वाटते, पण ती चुलत शाखेची.

बंगालीतही हाच पेच आहे. चितगावची आणि सिल्हेटची बोली कोलकात्याच्या माणसाला नीट समजत नाही. अनेक अभ्यासक त्यांना स्वतंत्र भाषा मानतात. पण बोलणारे बहुतेक लोक स्वतःला बंगालीच म्हणवतात.

मुलं काय करतात? लडाखी, बाल्टी, झोंखा सगळ्यांना तिबेटीत ढकलतात, कारण तिबेटीचे ठिपके कमी पडलेले असतात, आणि सिल्हेटीला मात्र 'ती वेगळी भाषा' म्हणून बाहेर काढतात, कारण कुठेतरी तसं वाचलेलं असतं. हे चालणार नाही. दोन रकाने करा, 'आखूड' आणि 'लांब'. आखूड रकान्यात प्रमाण भाषा आणि तिच्याशी सहज बोलणं होईल अशा बोली. लांब रकान्यात पूर्ण कूळ. दोन्ही भाषांना तीच पट्टी. मी स्वतः लांब रकान्याचा नकाशा काढायला सांगते आणि आखूड रकाना तक्त्यात ठेवायला. कारण साधं: आखूड नकाशात हिमालयाची दक्षिण बाजू निम्मी रिकामी होते.

तक्त्यातली ओळ वाचायला शिका

आता सी-१६ उघडा. त्यात एक 'भाषा' असते आणि तिच्याखाली 'मातृभाषा' म्हणून लोकांनी सांगितलेली नावं. बंगालीच्या ९ कोटी ७२ लाखांत बंगालीबरोबर चाकमा, हाजोंग आणि राजबंशी यांचे आकडेही आहेत. चाकमा माणसाला हे सांगून पाहा, तो खूश होणार नाही. आपल्याकडेही, मालवणी याच तक्त्यात मराठीखाली नसून कोकणीखाली आहे. आणि ज्या नावाला देशभरात दहा हजार माणसंही मिळाली नाहीत, ते 'इतर'मध्ये जातं. हिमालयातल्या कित्येक छोट्या बोली अशाच गायब आहेत.

सगळ्यात शिकवणारी ओळ लडाखीची. २००१मध्ये लडाखी बोलणारे एक लाख चार हजार. २०११मध्ये पंधरा हजारांच्याही आत. दहा वर्षांत भाषा मेली का? नाही. वरखाली नजर फिरवा: 'भोटिया' ८१ हजारांवरून २ लाख ३० हजारांवर गेली, 'तिबेटी' ८५ हजारांवरून १ लाख ८२ हजारांवर. जन्मदराने एवढी वाढ होत नाही. लडाखात आपल्या भाषेला 'भोटी' म्हणावं, तिला आठव्या अनुसूचीत घ्यावं, अशी मागणी बरीच वर्षं आहे. मी याचा अर्थ असा लावते की माणसं तिथेच राहिली, त्यांनी सांगितलेलं नाव बदललं. २०२५मध्ये लडाखच्या अधिकृत भाषांत भोटी आणि पुर्गी आल्या, म्हणजे हे नाव आता आणखी रुळणार.

बंगालीच्या बाजूलाही असं होतं. आसामात पूर्व बंगालातून आलेली अनेक मुसलमान कुटुंबं जनगणनेत असमिया लिहीत आली आहेत. तिथला आकडा वाचताना हे डोक्यात ठेवा. बराक खोऱ्याचं मात्र वेगळं आहे. सिलचरचा तो भाग सिल्हेटलाच लागून. १९४७च्या सार्वमताने सिल्हेट पूर्व पाकिस्तानात गेलं, करीमगंज इकडे राहिलं. १९ मे १९६१ला सिलचर स्थानकावर बंगालीसाठी आंदोलन करणारे अकरा जण गोळीबारात मेले. बंगालीसाठीच्याच आंदोलनावर ढाक्यात झालेल्या गोळीबाराची २१ फेब्रुवारी १९५२ सगळ्यांना माहीत असते, म्हणून सिलचरची तारीख नकाशावर मी आवर्जून लिहायला लावते.

दार्जिलिंग मोठं करून काढा

कोपऱ्यात एक चौकोन आखून सिलिगुडी ते गंगटोक हा भाग मोठ्या प्रमाणात काढा. सिलिगुडी सव्वाशे मीटर, तिथे बंगाली. सत्तर-एक किलोमीटर घाट चढून दार्जिलिंग दोन हजारांवर. राज्य पश्चिम बंगालच, पण कानावर नेपाळी. १९६१पासून या डोंगरी भागात नेपाळीला राज्यभाषेचा दर्जाही आहे. त्यात शेर्पा, भुतिया आणि १९५९नंतर आलेल्या तिबेट्यांची घरं. एका जिल्ह्यात आपल्या दोन्ही भाषा आहेत आणि दोन्ही अल्पसंख्य, हे डोंगरातल्या ठिपक्यांवरून दिसलं पाहिजे.

या वाटेवर जुना व्यवहारही आहे. ल्हासाची लोकर खेचरांवरून जेलेप ला खिंडीतून कालिम्पाँगला यायची आणि पुढे कोलकात्याला. तिबेटी-इंग्रजी कोश करणारे शरच्चंद्र दास हे चितगावचे बंगाली, दार्जिलिंगच्या भुतिया शाळेचे मुख्याध्यापक, आणि गुपचूप तिबेट फिरून आलेले. कोश छापला गेला १९०२मध्ये. पण याच्या नादी लागलं की नकाशा बाजूला राहतो.

वसवलेली माणसं: तिसरा ताव

इथे उंचीचा नियम मोडतो, आणि मला तरी हा भाग सगळ्यात जवळचा.

फाळणीनंतर आणि पुढे पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित, आणि १९५९नंतर आलेले तिबेटी. सरकारला दोघांना जमीन द्यायची होती, आणि जमीन होती ती जंगलपट्ट्यात. आता तिसऱ्या तावावर राज्यवार खुणा करा आणि काय उमटतं ते पाहा. ओडिशा: तिबेटी चंद्रगिरीला, बंगाली मलकानगिरीला. छत्तीसगड: तिबेटी मैनपाटला, बंगाली पखांजूरला. कर्नाटक: तिबेटी बैलकुप्पे आणि मुंडगोडला, बंगाली सिंधनूरला. महाराष्ट्र: तिबेटी गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंगला, १९७२पासून, बंगाली गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे. शिवाय अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली वसाहती, म्हणजे गोठणगावच्याच तालुक्यात. हिमालयात ज्या दोन भाषांच्या मध्ये अख्खी ब्रह्मपुत्रा खोऱ्याची लांबी आहे, त्या इथे एकाच तहसील कार्यालयात दाखला काढायला रांगेत उभ्या असतात.

ही माणसं ठिपक्यात बसत नाहीत. गोठणगावची वसाहत हजाराच्या आगेमागे. म्हणून वसाहतींना पोकळ त्रिकोण काढा आणि त्रिकोणाला आकडा देऊ नका, फक्त वर्ष द्या. एक इशारा: जुन्या कागदांत या वसाहतीचा जिल्हा भंडारा सापडेल. गोंदिया जिल्हा १९९९मध्ये वेगळा झाला. दोन वसाहती समजून दोन त्रिकोण काढणारा दरवर्षी एखादा निघतोच.

अंदमान विसरू नका. तिथे बंगाली हीच सगळ्यात मोठी मातृभाषा आहे, एक लाखावर माणसं. दिल्लीचा मजनू का टिला, धरमशाला, हे तिबेटीचे ठळक त्रिकोण. परदेशात तिबेटी स्वित्झर्लंड आणि टोरोंटोत, बंगाली लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये (तीही मुख्यतः सिल्हेटी), कराचीत, आखाती देशांत. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये दोन्ही. आणि सिएरा लिओनला बंगालीचा ठिपका देऊ नका. बांगलादेशी शांतिसैनिकांबद्दल कृतज्ञता म्हणून तिथे या भाषेचा गौरव झाला, तेवढ्यावरून 'आफ्रिकेतली बंगाली' फिरत असते. तिथलं सरकारी कामकाज इंग्रजीत आणि बाजार क्रिओ भाषेत चालतो.

कानांनी तपासा

जवळ वसाहत असेल तर जाऊन या. आमच्याकडून गोंदिया-बल्लारशा गाडीने अर्जुनी, तिथून इटियाडोह धरणाच्या रस्त्याने गोठणगाव. पताकांच्या माळा दिसल्या की पोचलात. दिवाळी ते संक्रांत मात्र जाऊ नका. वसाहतीतली हातीपायी धड माणसं तेव्हा शहराशहरांत स्वेटर विकायला गेलेली असतात. घरी म्हातारे आणि लहान पोरं.

'तुम्ही कोणती भाषा बोलता?' असं विचारू नका. या प्रश्नाला सगळे शाळेतलं उत्तर देतात. तीन प्रश्न विचारा: लहानपणी आईशी काय बोलायचात, आज नातवंडांशी काय बोलता, आणि जनगणनेवाल्याला काय सांगितलंत. बाजारात मासे विकणाऱ्या एका बंगाली आजींना आमच्या पोरींनी हे विचारलं. आईशी? 'बांगला, बोरिशालची.' नातवाशी? 'मी बांगला बोलते, तो हिंदी बोलतो.' गिऱ्हाइकाशी? हे पोरींनी विचारलंच नव्हतं, आजींनी आपणहून सांगितलं, 'मराठी, नाहीतर बोंबील कोण घेणार?' आणि जनगणना? 'ते आमचे हे सांगतात.' ही शेवटची ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा. घरातल्या बाईची भाषा कोण सांगतो, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. तिबेटी वसाहतीतल्या म्हाताऱ्या बाबांनी पहिल्या प्रश्नाला भाषेचं नाव दिलंच नाही, 'खाम' एवढंच म्हणाले. तेही तसंच लिहा, 'तिबेटी' करून टाकू नका.

तिन्ही ताव एकावर एक ठेवून पक्का नकाशा उतरवा. प्रत्येक देशाच्या ठिपक्यांजवळ वर्ष लिहा, कारण ती एक नाहीत: भारत २०११, चीन २०२०, बांगलादेश २०२२. भारताची नवी जनगणना २०२७ची आहे. तिचा भाषांचा तक्ता आला की बंगालीचा मोठा आकडा बघायची घाई नको, आधी लडाखी, भोटिया आणि तिबेटी या तीन ओळी शेजारी शेजारी मांडा.